वृद्धत्व, स्मृतिभ्रंश आणि रोजच्या उपकरणांचा वापर

फोन, टीव्हीचा रिमोट, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, एटीएम ही साधने वृद्ध व्यक्ती कितपत स्वतःच्या बळावर हाताळते, यावरून तिच्या स्वावलंबनाचा अंदाज घेतला जातो. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांच्या १९६९ सालच्या, रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या मापनश्रेणीत आठ बाबी आहेत. त्यांतली पहिली टेलिफोन वापरण्याची. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत लुईस नीगॉर्ड व सहकाऱ्यांनी उपकरणांच्या वापरासाठी एक मुलाखत-प्रश्नावली आणि प्रत्यक्ष निरीक्षणाची एक पद्धत विकसित केली. निरीक्षण वगळून चालत नाही. स्मृतिभ्रंशात स्वतःच्या अडचणीची जाणीवच कमी होऊ शकते. माणूस ‘मला सगळं जमतं’ असे मनापासून सांगतो आणि रिमोट हातात आला की अडतो.

स्मृतिभ्रंश नसलेल्या वृद्धांची अडचण बहुधा डोळे, कान, बोटे आणि सवय यांच्याशी निगडित असते. कोरड्या बोटांचा स्पर्श स्क्रीन नीट ओळखत नाही. बोट सावकाश उचलले, तर फोन त्याला ‘दाबून धरणे’ समजतो. मग चिन्हे जागेवरून हलतात, कधी नाहीशीही होतात. सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या विभागात स्पर्श धरून ठेवण्याचा अवधी वाढवला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. वयानुसार उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे यंत्राची बारीक ‘बीप’ निसटते. एकदा शिकलेली क्रिया मात्र या गटात साधारणपणे टिकते.

स्मृतिभ्रंशात घोळ होतो तो क्रम, हेतू आणि चूक ओळखणे यांत. सहा आकडी ओटीपीचेच पाहा: संदेश उघडायचा, आकडे लक्षात धरायचे, मागच्या पडद्यावर परतायचे, चौकट शोधायची, मुदतीत टाइप करायचे. आकडे आठवले तरी कुठे टाकायचे ते विसरते, तेवढ्यात वेळ संपतो. रिमोटवर चुकून ‘सोर्स’ दाबले की पडदा निळा होतो. टीव्ही बिघडला असे समजून बटणे दाबत गेले की गुंता वाढतो. चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढीच बटणे मोकळी ठेवून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावणे हा साधा पण गुणकारी उपाय आहे.

दोन्ही गटांत सरमिसळ आढळते: आजार नसलेला एखादा अधिक अडखळतो, सौम्य स्मृतिभ्रंश असलेला एखादा जुना फोन सफाईने लावतो. वर्षानुवर्षे हाताळलेले उपकरण अचानक जमेनासे होणे ही तपासणी करून घेण्यासारखी खूण आहे, पण तेवढ्यावरून निदान होत नाही.

अल्झायमरमध्ये हाताला बसलेली सवय नव्या आठवणींपेक्षा जास्त काळ टिकते. म्हणून चालू असलेले जुने उपकरण बदलून ‘सोपे’ नवे आणणे बरेचदा अंगलट येते. बदलावेच लागले, तर आजाराच्या सुरुवातीला, आणि शक्यतो त्याच ठेवणीचे घ्यावे. अपडेटनंतर चिन्हांच्या जागा बदलल्या आहेत का, हे घरच्यांनी आधी पाहावे.

शिकवताना चूक होऊच न देणारी पद्धत वापरतात: एका वेळी एक पायरी, दर वेळी तेच शब्द. जोडीला शिकवलेली पायरी वाढत्या अंतराने आठवायला लावतात: ‘आता काय दाबायचं?’ याचे उत्तर ३० सेकंदांनी विचारायचे, मग १ मिनिटाने, २ मिनिटांनी. चुकल्यास लगेच बरोबर उत्तर देऊन ते पुन्हा म्हणवून घ्यायचे आणि शेवटच्या जमलेल्या अंतरावर परतायचे. ‘आण इकडे, मी करतो’ हा घरोघरचा शॉर्टकट या सगळ्यावर पाणी फिरवतो. सूचनापत्रावर चार-पाच क्रियापदे आणि त्याच उपकरणाच्या बटणांची छायाचित्रे पुरतात. ते उपकरणाला चिकटवावे, कारण खणातले पत्र आठवून काढणे हीच एक वेगळी पायरी ठरते.

औषधांच्या गजरात एक फट राहते: गजर बंद करणे आणि गोळी घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिली झाली की दुसरी राहून जाते. गोळी बाहेर काढल्याशिवाय न थांबणारा गजर असलेली कुलूपबंद डबी म्हणून अधिक भरवशाची. तरी काढलेली गोळी गिळली का, हे तिलाही कळत नाही. ठावठिकाणा सांगणाऱ्या उपकरणासाठी संमती व्यक्तीला विषय समजत असतानाच घ्यावी, आणि ते रोज चार्ज करण्याची जबाबदारी तिच्यावर न टाकता सोबतच्या माणसाने उचलावी.