निगेटिव्ह फिकी आली? आधी कडेचे आकडे बघा

रोल वाळला की तो लाइटबॉक्सवर ठेवा आणि चित्राआधी फिल्मची कड बघा. तिथे फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उमटवलेलं असतं, त्याच्याशी तुमच्या कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. आकडे ठसठशीत काळे आणि चित्र मात्र फिकं असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मला मिळालेला प्रकाश, कमी पडलं. आकडेच पुसट असतील, तर डेव्हलपिंग, म्हणजे डेव्हलपर या रसायनात चित्र उमटवणं, कमी झालं. हा निवाडा स्कॅनवरून करू नका. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने उजळतो आणि खरा दोष झाकून टाकतो.

एकाच रोलवर फ्रेमगणिक फरक असेल तर संशय कॅमेऱ्याच्या मीटरवर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) आणि शटरवर घ्यावा, कारण रसायन सगळ्या फ्रेमना एकच मिळालेलं असतं. रोलगणिक फरक असेल तर टँककडे, म्हणजे फिल्म डेव्हलप करायच्या बंद डब्याकडे, बघा.

सावलीतल्या भागावर प्रकाश मुळात कमी पडतो, त्यामुळे तिथले थोडेसेच कण चांदीत बदलतात आणि ते काम लवकर आटोपतं. उजळ भाग मात्र डेव्हलपरमध्ये असेपर्यंत काळा होत राहतो. म्हणून सावलीतला तपशील एक्स्पोजरवर ठरतो, कॉन्ट्रास्ट डेव्हलपिंगवर. सावलीत जे टिपलंच गेलं नाही, ते वेळ वाढवून परत येत नाही. कॉन्ट्रास्ट तेवढा भडक होतो.

तापमानात सगळ्यात जास्त चुका होतात. इलफोर्ड एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म ४०० आयएसओला वापरून डी-७६ या डेव्हलपरच्या १+१ द्रावणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) २० अंशांना ११ मिनिटं ठेवतात. तेच द्रावण २३ अंशांवर असेल तर साधारण सव्वाआठ मिनिटं पुरतात. थर्मामीटर टँकबाहेरच्या पाण्यात नव्हे, डेव्हलपरमध्येच बुडवा. हलवण्याची पद्धतही ठरलेली हवी: सुरुवातीच्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटा, मग दर मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदांत चार वेळा. जास्त घुसळलं की फिल्मच्या कडेच्या छिद्रांजवळ गडद पट्टे उमटतात. १+१ द्रावण एकदाच वापरा आणि फेकून द्या, काटकसर नको.

जुन्या कॅमेऱ्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला असेल आणि त्यात आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर बऱ्याच मॉडेलमध्ये मीटर प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. साहजिकच फ्रेम फिकी येते. वर अल्कलाइन सेलचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज तेवढीच राहत नाही. १.४ व्होल्टचा झिंक-एअर सेल पाऱ्याच्या सेलला बराच जवळचा पर्याय आहे, पण सील काढल्यावर तो काही आठवड्यांतच संपतो.