तारे डॉक्टरांचं ज्ञान मोजत नाहीत

‘गूगल मॅप्सवर ४.९ तारे, म्हणजे डॉक्टर हुशार’ हा समज चुकीचा आहे. तारे देणारा खरंच पेशंट होता का, हे गूगल तपासत नाही. १० जणांनी पाच-पाच तारे दिले आणि अकराव्याने एकच, की सरासरी थेट ४.६! अभिप्राय वाचा: ‘दोन तास बसवलं’, ‘छान बोलतात’. निदान बरोबर होतं का, हे पेशंटला तरी कसं कळणार?

त्यापेक्षा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२च्या नियमांनुसार तो दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर हवाच. ही नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव आणि पदवी जुळवा (आयुर्वेद, होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या). पाटीवर एमडी, नोंदीत मात्र फक्त एमबीबीएस? मग डॉक्टरांना सरळ विचारा.