नाट्यपदांची गोडी कशी ओसरली

ठाण्यात नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोड या भागात सत्तर-ऐंशीच्या दशकात नाट्यसंगीत ऐकणारं घर शोधावं लागत नसे. सकाळी आकाशवाणी, सणासुदीला टेपरेकॉर्डर, आणि गळ्यात चार पदं असलेला एखादा काका प्रत्येक जिन्यावर. त्याच घरांत वाढलेली माणसं आज साठीच्या आसपास आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, पदं अजूनही चांगलीच वाटतात, पण आपणहून लावावीशी वाटत नाहीत. मीही त्यांच्यातलाच. यावर सिनेमा, टीव्ही, मोबाइल अशी ठरलेली कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण मला अपुरी वाटतात. कारण मराठी प्रेक्षकाची आवड याआधीही अनेकदा बदलली होती, आणि दर वेळी संगीत नाटकानं आपली चाल बदलून त्याला पुन्हा थिएटरात आणलं होतं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. पुढे पूर्ण झालेल्या त्या नाटकात दोनशेच्या घरात पदं होती. मात्र नाट्यपद म्हटल्यावर आज जे कानात येतं, तसं त्यांत फारसं काही नव्हतं. साकी, दिंडी, कामदा असे छंद, कीर्तनातल्या आणि लोकगीतांतल्या ओळखीच्या चाली. लहान, गोष्ट पुढे नेणाऱ्या. पात्रं बोलता बोलता गात आणि गाता गाता बोलत. सोळा वर्षांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’नं पारशी-उर्दू रंगभूमीच्या ठसकेबाज चाली आणल्या. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्यासारख्या उपशास्त्रीय गाण्याचा रंग भरला आणि १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय मैफिलीतल्या, बंदिशींवर पदं बांधली. चाळीस वर्षांच्या आत एकाच नाट्यप्रकाराचं गाणं इतकं पालटलं. किर्लोस्करांच्या चालींवर वाढलेल्या माणसाला ‘स्वयंवर’ ऐकताना कान नव्यानंच तयार करावा लागला असणार.

बालगंधर्वांच्या काळात पदाला नाटकापेक्षा मोठी जागा मिळाली. पायपेटी, सारंगी, तबल्यावर थिरकवाँसाहेब, आणि प्रेक्षकांतून वन्समोअर. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटे संपे. त्याच वेळी दुसरीकडे ग्रामोफोनच्या तबकड्या निघत होत्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर पाऊण तास खुलवलेलं पद त्यात बसवायचं तर आलाप कापायचा, ताना निवडून घ्यायच्या. मला वाटतं, आपल्या आजच्या गोष्टीची सुरुवात इथे होते. पद पहिल्यांदाच नाटकातल्या प्रवेशाशिवाय घरात आलं. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी कुणाला उद्देशून गाते आहे, समोर कोण उभं आहे, आधी काय घडलं आहे, हे कळायची गरज उरली नाही. गाण्यापुरतं गाणं झालं.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी चित्रपट बोलू-गाऊ लागला आणि नाटक मंडळ्यांचा कणाच मोडला. पगारी नट, बिऱ्हाडं, स्वयंपाकी, सामानाचे ट्रंक असा संसार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांना तिकिटाच्या त्या दरात सिनेमाशी टक्कर देणं शक्यच नव्हतं. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत दिसले. तरीही गाणारं नाटक मेलं नाही. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांनी ‘कुलवधू’ आणलं, ज्योत्स्ना भोळे त्यात गायल्या. मोजकी पदं, भावगीताच्या जवळची, घरातल्या माणसांचं नाटक, आणि रात्री घरी परतता येईल एवढीच लांबी.

यानंतरचा काळ ठाणेकरांच्या जिव्हाळ्याचा. १९६० साली विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ आलं, १९६३ साली ‘मंदारमाला’. ‘मंदारमाला’चं संगीत पं. राम मराठे यांचं, प्रमुख भूमिकाही त्यांचीच. लहानपणी प्रभात कंपनीच्या चित्रपटांत चमकलेला, पुढे मास्टर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे शिकलेला हा गायक ठाण्यात स्थायिक झाला होता. रंगमंचावरची राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी ज्यांनी पाहिली, ती माणसं आजही तिच्याबद्दल बोलताना हातानं ताल धरतात.

मग संगीतकार जितेंद्र अभिषेकी आले. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’, १९६६ साली ‘ययाति आणि देवयानी’, १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. अभिषेकीबुवांनी पद आटोपशीर केलं, चालीत नवेपणा आणला आणि भावाला तानेच्या वर बसवलं. ‘कट्यार’ची गोष्ट तर गाण्यावाचून सांगताच येत नाही. दोन घराणी, दरबारी गायकाची गादी, पंडितजींचा शिष्य सदाशिव आणि त्याला विद्या द्यायला तयार नसलेले, ती गादी जिंकलेले खाँसाहेब. वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून एखादी तान घेत तेव्हा ती दाद मिळवायला घेतलेली नसे. जिंकलेला माणूस आतून किती एकटा आहे, हे त्या तानेतच कळे. सदाशिव लपून ऐकतो तेव्हा प्रेक्षकही त्याच्याबरोबर कान लावून बसतो. पद आणि प्रवेश इतके एकजीव असणं, हे माझ्या मते संगीत नाटकाचं सर्वांत मोठं देणं.

ठाण्याला मात्र स्वतःचं मोठं नाट्यगृह मिळालं ते १९७८ साली. तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन. ज्यांचं नाव त्याला दिलं त्या राम गणेश गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं गाजवला. त्याची पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली होती. रंगायतनाचा पडदा वर गेला तोवर नव्या संगीत नाटकांचा ओघ आटत चालला होता. गाता येणारा आणि अभिनय येणारा नट तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि नाटकाच्या नाइटपेक्षा (एका प्रयोगाच्या पैशांपेक्षा) मैफिलीचं मानधन बरं. ऑर्गन, तबला, साथीदार, भरजरी कपडे, मोठा संच, दौऱ्याची बस. निर्मात्याचं गणित जुळेना. गद्य नाटक चार-पाच नटांत उभं राहत होतं.

नाटकं थांबली, पदं चालू राहिली. नाट्यसंगीताची मैफल, निवेदन, ठरलेली वीस-पंचवीस पदं. शाळकरी मुलांच्या स्पर्धा, त्यांत तीच पदं, तबकडीवरच्या त्याच ताना, त्याच जागी. मुलं मेहनतीनं गातात, त्यांच्याबद्दल मला मायाच वाटते. पण कानाला गाण्यातली पुढची हरकत आधीच ठाऊक असते. चाळीस वर्षं तेच पद, तेही प्रवेशाबाहेर ऐकल्यावर माझं मन त्यातून सुटत गेलं. जुने सहकारी निवृत्तीनंतर भेटतात तेव्हा बोलायला आठवणीच उरतात, तसं माझं आणि या पदांचं झालं. जिव्हाळा आहे, उत्सुकता नाही.

दिवाळीच्या पहाटे तलावपाळीला गेलात तर आवडीचा आजचा नकाशा तिथेच दिसतो. नाट्यगृहात दिवाळी पहाटेची मैफल, अत्तराचा वास, पुढच्या रांगांत पांढरी डोकी. बाहेर तळ्याकाठी आणि राम मारुती रोडवर नव्या कपड्यांतली हजारो पोरं, स्टेजवरचा बँड, स्पीकर. ही पोरं संगीताला परकी नाहीत. २०१५ साली ‘कट्यार’चा चित्रपट आला तेव्हा यांच्याच वयाच्या मुलांनी तो डोक्यावर घेतला आणि जुनी पदं पुन्हा गुणगुणली. गोष्टीच्या आत ऐकू आली म्हणून ती त्यांना भिडली, असं मी मानतो.

याहून महत्त्वाचं उदाहरण २०१७च्या ‘संगीत देवबाभळी’चं. प्राजक्त देशमुखांचं लेखन-दिग्दर्शन, रंगमंचावर दोनच बाया, तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, गाणं अभंग-ओवीच्या वळणाचं. मोठा संच नाही, भरजरी शालू नाहीत, पाऊण तासाचं पद नाही. तरी नावाआधी ‘संगीत’ लावलेल्या या नाटकाला तरुण प्रेक्षक रांगा लावून आला. मीही त्यात बसलो होतो. पुढचा सूर कुठला लागणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि असं होऊन फार वर्षं झाली होती.