पाय मोडला तरी अ‍ॅस्पिरिन, पहिलटकरणीलाही अ‍ॅस्पिरिन?

नागपुरात टू-व्हीलरवरून पडून मांडीचं हाड मोडलंय असं कोणीतरी ओळखीत असतंच, आणि अशा पेशंटला ऑपरेशननंतर पोटाच्या कातडीत जे इंजेक्शन देतात ना, ज्याचे निळे डाग पडतात, ते हाड जुळायसाठी नसतं. रक्त गोठू नये म्हणून असतं. पाय हलत नाही, पोटरीच्या शिरांमध्ये रक्त साचतं, गाठ होते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली की जिवावर बेततं.

आता टोचून घ्यायचा वैताग आणि वर खर्च, तर साधी अ‍ॅस्पिरिन चालेल का? अमेरिका आणि कॅनडात 12,211 फ्रॅक्चर पेशंटांवर हे तपासलं, अर्ध्यांना इंजेक्शन, अर्ध्यांना 81 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. 2023 मध्ये रिझल्ट आला. 90 दिवसांत दगावलेले गोळीवाले 0.78 टक्के, इंजेक्शनवाले 0.73, म्हणजे सारखेच. फुफ्फुसातल्या गाठी दोन्हीकडे 1.49 टक्के. पायातल्या गाठी मात्र गोळीवाल्यांत थोड्या जास्त, 2.51 विरुद्ध 1.71, हे लपवायचं काही कारण नाही. (81 हा विचित्र आकडा काऊन? जुन्या 325 च्या गोळीचा पाव भाग, बस. आपल्याकडे 75 ची मिळते.)

गोळी करते काय, तर रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटायला जे केमिकल बनवतात ते बनवणारं एन्झाइम कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला ते नव्यानं बनवता येत नाही, त्यामुळे ती आठ-दहा दिवसांनी मरेपर्यंत तशीच राहते, म्हणून एवढासा डोसही पुरतो.

हीच गोळी गरोदरपणातही, आणि इथं आपलं नागपूर येतं. वार रुजताना आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, त्या अरुंद राहिल्या की बीपी चढतं, बाळाला रक्त कमी पडतं, कधी वेळेआधीच डिलिव्हरी होते. अ‍ॅस्पिरिननं तो रक्तपुरवठा सुधारतो असं मानतात. सहा देशांतल्या 11,976 पहिलटकरणींवर हे तपासलं, भारतातली दोन केंद्रं, बेळगाव आणि नागपूर, आपल्याकडचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशननं पाहिलं. अर्ध्या बायांना रोज 81 ची खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच खोटी, आणि कोणाला कोणती ते ना बाईला माहीत ना डॉक्टरला. 2020 मध्ये निकाल लागला, 37 आठवड्यांआधी डिलिव्हरी 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आली.

दीड टक्का म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण हिशेब करा, साधारण 67 बायांनी गोळी घेतली की एक डिलिव्हरी वेळेआधी व्हायची टळते, आणि खर्च जवळपास नाहीच. मला तर हा आकडा भारी वाटतो. एवढा बारीक फरक दोन-तीनशे पेशंटांत दिसलाच नसता, म्हणून इतक्या बाया घ्याव्या लागल्या.

पण मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनानं घेऊ नका बावा, कोणाला द्यायची आणि कोणाला नाही ते डॉक्टरच ठरवतील. शिवाय या अभ्यासात गोळी 14 आठवडे पूर्ण व्हायच्या आत सुरू केली होती, त्यासाठी सोनोग्राफीवरून दिवस मोजले होते. आणि आपल्याकडे कितीतरी बाया पहिल्यांदा तपासायला येतात तेच चौथा महिना उलटल्यावर.