शीग, सपाट आणि छापील किंमत

कोकणात तांदूळ पायलीने मोजला जायचा तेव्हा दुकानात पाठवलेल्या पोराला एकच ताकीद असायची : शिगेने घे, सपाट घेऊ नकोस. पायली भरून वर जो ढीग उभा राहतो ती शीग. तिच्यावरून हात फिरवला तर पोरगं पसाभर तांदळाला फसलं. ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचार शाळेत शिकण्याआधी आमच्या आधीच्या पिढीने त्याची किंमत मोजलेली होती.

ग्राहकशिक्षण हा शब्द तेव्हा नव्हता, पण शिक्षण होतं आणि ते हाताने, डोळ्यांनी, नाकाने होत होतं. मासळीबाजारात आजी बांगड्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग नातवाला दाखवायची, पोटावर बोट दाबायला लावायची. कुर्ली, म्हणजे खेकडा, उचलून बघायची, हलकी लागली तर पोकळ. अमावास्येला भरलेल्या मिळतात, म्हणून कधी घ्यायच्या हेही त्यातच आलं. मृगाआधीची अगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ही तर वार्षिक परीक्षाच : मीठ, मिरची, सुके बांगडे, सोडे, जवळा. चार महिने पुरेल इतकंच घ्यायचं आणि ओलसर काही घरात येऊ द्यायचं नाही. एक चूक झाली की श्रावणापर्यंत डबाभर बुरशी.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. शेर आणि मण कागदावरून गेले, तरी खेडोपाडी पायली पुढे कितीतरी वर्षं टिकली. खरा फरक पडला तो पुड्याने. बंद पुड्याचा कल्ला कसा उचलणार? १९७७च्या नियमांनी पुड्यावर मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणं सक्तीचं केलं. १९९०पासून किंमत सर्व करांसहित लिहावी लागली. पारख हाताकडून वाचण्याकडे गेली आणि ती वाचायला आजी शिकलेली नव्हती. माझ्या मते साखळी तुटली ती इथे.

त्याच सुमारास शहरांत दुसरं काही घडत होतं. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कुटुंबांनी गट करायचे, महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा, वाटप आपणच करायचं. मुंबईतल्या चाकरमान्यांना हे समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा. गावची अगोट त्यांच्या ओळखीचीच होती.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १५ मार्च १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी अमेरिकी काँग्रेसपुढे ग्राहकांचे चार हक्क मांडले, १९८५मध्ये संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २४ डिसेंबर १९८६ला आपला ग्राहक संरक्षण कायदा. त्यातल्या सहा हक्कांत ग्राहकशिक्षण सहावं. २००२पासून शाळांत ग्राहक क्लबची योजना आली, पाठोपाठ ‘जागो ग्राहक जागो’. आमच्या शाळेत ग्राहक दिनाला निबंधस्पर्धा असायची. सहाही हक्क मी घडाघडा लिहिले आणि सुटल्यावर फाटकाबाहेर प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ चोखत बसलो. नळीवर ना नाव, ना तारीख. निबंधाचा आणि नळीचा काही संबंध आहे असं कुणी सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही.

कोकणातल्या पोराची आणखी एक गंमत आहे. ते गिऱ्हाईक असतं तसं विकणाऱ्याच्या घरातलंही असतं. एप्रिलमध्ये आंब्याची पेटी भरताना वरच्या थरात कुठली फळं लावतात आणि तळाला कुठली, हे ते सातवीतच बघतं. कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीत कसा शिरतो, हेही त्याला ठाऊक असतं. २०१८मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते ह्याच पेटीमुळे महत्त्वाचं. लबाडी आतून पाहिलेल्या पोराला लेबल वाचायला शिकवणं सोपं असतं. शिक्षकांनी फक्त पेटी वर्गात आणायला हवी.

२०१९च्या नव्या कायद्याने (तो लागू झाला २० जुलै २०२०पासून) एक अडचण सोडवली. मुंबईच्या दुकानदाराविरुद्धची तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच, सिंधुदुर्गात ओरोसला किंवा रत्नागिरीला, करता येते. पण आता दुकानच मोबाइलमध्ये आलंय. ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर संपेल’. अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ला त्यांना मनाई केली.

क्लृप्ती तशी जुनीच. “शेवटचो वाटो उरलो!” असं मासेवालीही ओरडायची. पण पाटी समोर असायची. पोराने मान वाकवून पाहिलं की फडक्याखाली अजून दोन डझन बांगडे दिसायचे.