प्रसूती रजेचा पगार: पैसे कोण देणार, कोणत्या तारखांवर देणार आणि तोवर घर कसे चालवायचे

डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते, पण प्रसूती रजेच्या कागदांचे काम पाचव्या महिन्यातच हाती घ्यावे, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. कारखान्यांची पगारपत्रके तयार करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे अर्ज कुठे अडतात हे मला जवळून दिसते. रजा नाकारली जाण्याचे प्रसंग त्या मानाने कमी असतात. रजा मिळते, बाळ घरी येते, आणि पैसे मात्र कुठल्यातरी टेबलावर थांबलेले असतात, हे दृश्य फार वेळा पाहावे लागते.

पहिला प्रश्न पैसे कोणाकडे मागायचे हा आहे आणि त्याचे उत्तर पगारचिठ्ठीत असते. चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसत असेल तर रजेच्या काळातील पैसे विमा महामंडळ देते, मालक देत नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते. अठरा हजार पगारावर कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. अशी कपात नसेल तर पूर्ण पगारी रजा देण्याची जबाबदारी मालकाची आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी मूळ हक्क तसाच आहे: पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे, त्यातील प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८ आठवडे, आणि दोन अपत्ये हयात असताना पुढील बाळंतपणासाठी १२ आठवडे.

मालकाकडून लाभ घ्यायचा असेल तर अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते, आणि त्यात भरपगारी सुट्ट्या व ले-ऑफचे, म्हणजे काम नसल्यामुळे मालकाने घरी बसवलेले, दिवसही धरले जातात. ही अट बहुतेक जणी सहज पूर्ण करतात. खरा घोळ होतो तो ईएसआयच्या ७० दिवसांच्या अटीत.

तिथे शेवटचे बारा महिने मोजत नाहीत. योजनेत वर्षाचे दोन अंशदान-काळ (अंशदान म्हणजे पगारातून कापून आणि मालकाकडून योजनेत भरायची रक्कम) असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो आणि ऑक्टोबर ते मार्चचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. प्रसूतीची अपेक्षित तारीख ज्या लाभ-काळात पडते, त्याच्या लगतच्या दोन पूर्ण झालेल्या अंशदान-काळांत मिळून ७० दिवसांचे अंशदान देय असावे लागते. समजा अपेक्षित तारीख मार्च २०२७ मधील आहे. तर ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ एवढेच महिने हिशेबात येतात. ऑक्टोबर २०२६ नंतर अगदी रजेवर जाईपर्यंत नियमित कपात झाली असली तरी ती या बाळंतपणासाठी धरली जात नाही. शिवाय ज्या बाईचा विमा आयुष्यात प्रथमच सुरू झाला आहे, तिचा पहिला लाभ-काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिने पूर्ण झाल्यावर उघडतो. नऊ महिन्यांचे गणित बाळंतपणाशी इतके जुळणारे असूनही ते कामावर घेतेवेळी कोणीही समजावून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता जी बाई ईएसआयच्या अटीत बसली नाही, तिचे काय होते ते सांगते, कारण सर्वाधिक अन्याय इथेच होताना मी पाहिला आहे. विमा शाखेत गेल्यावर तिला सांगतात की दिवस भरत नाहीत. ती कारखान्यात परत येते तेव्हा तिला सांगतात की ईएसआय कापतो म्हणजे आमची जबाबदारी संपली. दोन्हीकडून नकार ऐकून ती बिनपगारी रजा टाकते आणि अंगठा किंवा सही करून मोकळी होते. वास्तविक जुन्या कायद्याच्या कलम ५अ मध्ये याची स्पष्ट सोय होती आणि नव्या संहितेतही ती कायम आहे: ईएसआयखाली लाभ मागण्यास पात्र होईपर्यंत, ८० दिवस भरलेल्या बाईचा मालकाकडून प्रसूती लाभ मिळण्याचा हक्क चालू राहतो. म्हणून शाखा कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागावा आणि त्याची प्रत जोडून मालकाकडे अर्ज करावा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. पुढे दाद मागायची वेळ आली तर हाती कागद लागतो.

दिवस भरूनही नकार येतो तेव्हा कारण बहुधा विमा क्रमांकात असते. कंत्राटदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवीन नोंद करतो, आणि एकाच बाईचे अंशदान दोन क्रमांकांवर वाटले जाते. एकीकडे ४० दिवस, दुसरीकडे ५०, आणि संगणकाच्या लेखी दोघीही अपात्र. क्रमांक एकत्र करून घेण्याचे काम शाखेत होते, पण त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच पाचव्या महिन्याचा माझा आग्रह आहे. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून प्रवेश केला की प्रत्येक महिन्याचे अंशदान दिसते. ते पगारचिठ्ठ्यांशी ताडून पाहावे. पगारातून कपात झाली पण पुढे भरणा झाला नाही असे आढळले, तर घाबरू नये. नियमातील शब्द अंशदान ‘देय’ असावे असा आहे, ‘भरलेले’ असावे असा नाही, आणि मालकाच्या चुकीचे खापर कामगार बाईवर फोडता येत नाही. मात्र ते सिद्ध करायला पगारचिठ्ठी लागते, म्हणून चिठ्ठ्या फेकू नयेत. मोबाइलवर येत असतील तर छापून ठेवाव्यात.

कंत्राटी बायकांना आणखी एक भीती घातली जाते, ती म्हणजे करार संपला की रजाही संपली. दिल्लीतील करारावर नेमलेल्या एका डॉक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले की पात्रता पूर्ण झाली असेल तर प्रसूतीचा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. रोजंदारीवरील बायकांनाही हा हक्क आहे, हे त्याच न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील कामगार महिलांबाबत सांगितले होते. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे, आणि तसा आदेश हाती पडला तर ६० दिवसांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत बाळंतपणाच्या गडबडीत निघून जाते; सव्वा महिना झाल्यावर बघू असे म्हणता म्हणता दोन महिने संपतात, त्यामुळे हे काम नवऱ्याने किंवा भावाने अंगावर घ्यावे.

आता नावांविषयी. काही महिन्यांपूर्वी माझ्यासमोर एका मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार कागद काढून टेबलावर ठेवले. आधारवर माहेरचे पूर्ण नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचे आडनाव, कंपनीच्या नोंदीत सासरचे आडनाव पण वडिलांचे नाव मध्ये, आणि सोनोग्राफीच्या कागदावर लग्नात तांदळाच्या ताटात लिहून ठेवलेले नवे नाव. चारही कागद तिचेच होते आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता. तिला सांगितले गेले होते की विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणा. गावाकडे मांडवात झालेल्या लग्नाची नोंदणी बहुतेकांनी केलेलीच नसते. ती करायची तर लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही गोळा करावी लागते, आणि आठव्या महिन्यात यासाठी गावाला जाणे कोणत्याही बाईला सांगू नये.

अशा वेळी माझा सल्ला असा आहे की गरोदरपणात आधारवरील नाव बदलण्याच्या मागे लागू नये. आधारवर जे नाव आहे, मग ते माहेरचे का असेना, तेच प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याकडे आणावेत. बँकेत केवायसीचा अर्ज देऊन खाते आधारप्रमाणे करून घेणे, कंपनीकडून विमा नोंदीतील नाव दुरुस्त करून घेणे आणि दवाखान्यात पुढच्या तपासणीपासून तेच नाव लिहायला सांगणे, ही तीन कामे विवाह प्रमाणपत्राशिवाय होण्यासारखी आहेत. सासरच्या मंडळींना माहेरचे नाव खटकले तर त्यांना शांतपणे सांगावे की प्रश्न २६ आठवड्यांच्या पगाराचा आहे आणि नाव पुढे सवडीने बदलता येते. ‘मनीषा’ आणि ‘मनिषा’ हा मराठीतील फरक सहसा अडत नाही. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक मात्र अडतो, म्हणून ताडताना इंग्रजीतील नाव पाहावे.

बाकीची प्रक्रिया साधी आहे. डॉक्टरांचा गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखला, रजा कोणत्या दिवसापासून घेणार याची लेखी सूचना, वारसाचे नाव आणि स्वतःच्या खात्याचा तपशील एवढे द्यायचे असते; ईएसआयचा दावा ऑनलाइनही भरता येतो. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत असल्यामुळे निघण्यापूर्वी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन दाखले कुठून घ्यायचे हे ठरवून जावे, नाहीतर नांदेडला बाळंत झालेल्या बाईला कागदासाठी पुण्याला बोलावले जाते. मालकाला सूचना द्यायची राहून गेली तरी हक्क जात नाही. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर ती देता येते. आणि मालकाने प्रसूतीपूर्व व नंतरची वैद्यकीय सोय मोफत दिली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा मागावा, कारण तो कोणी आपणहून देत नाही.

घरखर्चाचा हिशेब करताना पैसा केव्हा येईल याचा विचार आधी करावा. मालकाने प्रसूतीपूर्व काळाचे पैसे दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यावेत असा नियम असला, तरी प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दरमहा पगाराबरोबरच मिळतात. ईएसआयकडून दावा मंजूर झाल्यावरच जमा होतात. म्हणून किराणा, भाडे, वीज आणि हप्ते यांचे किमान दोन महिन्यांचे पैसे रजेपूर्वी बाजूला ठेवावेत, आणि ते दवाखान्याच्या अनामत रकमेत मिसळू नयेत. भिशीचा नंबर घेता येत असेल तर तो नवव्या महिन्याच्या आसपास मागून घ्यावा.

एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. ईएसआयचे पैसे कंपनीतून येत नसल्यामुळे पगारातून परस्पर कापले जाणारे पतसंस्थेचे हप्ते आणि विम्याचे प्रीमियम त्या सहा महिन्यांत थांबतात. हातात रक्कम थोडी जास्त दिसते आणि ती खर्च होते, पण पतसंस्थेचे व्याज चालूच असते आणि पॉलिसी बंद पडू शकते. रजेपूर्वी पगारचिठ्ठीतील कपातीचा रकाना वरून खाली वाचावा आणि यातील जे हप्ते स्वतः भरावे लागतील त्यांच्या तारखा स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. ईएसआयची रक्कम आधीच्या अंशदान-काळातील सरासरी वेतनावर ठरते, हेही लक्षात ठेवावे; नुकतीच पगारवाढ झाली असेल तर ती त्यात दिसेलच असे धरून खर्च आखू नये.

घरकाम करणाऱ्या, शिलाई किंवा शेतमजुरी करणाऱ्या ज्या बहिणींना पगारी रजाच नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या अपत्यासाठी ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये एकरकमी. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई अर्ज भरून देतात. इथे अडते ते खात्यापाशी. पैसे आईच्या आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. नवऱ्याचे खाते चालत नाही. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते थेट लाभासाठी जोडले गेले असे होत नाही, त्यासाठी बँकेत वेगळा संमतिअर्ज द्यावा लागतो. आधीच्या कुठल्या योजनेचे पैसे एखाद्या जुन्या, विसरलेल्या खात्यात जात असतील तर हेही तिकडेच जातील. ईएसआय किंवा कंपनीकडून लाभ घेणाऱ्यांनी हा अर्ज करू नये; अशा कोणत्याही कायद्याखाली लाभ मिळत असेल तर ही योजना लागू होत नाही.

राहिला जन्माच्या नोंदीचा कागद. बाळ झाल्यावर दवाखान्यात एक फॉर्म पुढे येतो, बहुधा रात्री, आणि तो बाळाचा बाप घाईत भरतो. त्यात आईचे नाव या रकान्यात तो सवयीने सासरचे नाव लिहितो, आणि ज्या दाखल्यावर पुढचा सगळा दावा उभा आहे तोच आधारशी जुळेनासा होतो. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत होते, पण चुकलेली नोंद दुरुस्त करायला महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खेपा घालाव्या लागतात. दवाखान्याच्या पिशवीत दुपट्यांबरोबर आईच्या आधारची एक प्रत ठेवावी, फॉर्म त्यावरून अक्षर अक्षर पाहून भरावा, आणि तो परत देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून घ्यावा.