ग्लिसरीनची काकवी आणि फवाऱ्यातला फेस

किडीवर फवारायच्या निंबोळी अर्काची कृती आमच्याकडे बहुतेकांना तोंडपाठ असते. पाच किलो निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळून घ्यायच्या. वेगळ्या पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि सगळं मिळून 100 लिटर करायचं. निंबोळी कशाला, हे कुणाला सांगावं लागत नाही. साबण कशाला म्हटलं की उत्तर येतं, ‘चिकटावं म्हणून.’ खरं तर साबण आधी पसरवतो, चिकटणं नंतरचं.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्यावर पिठ्या ढेकूण बसला असेल तेव्हा हे डोळ्यांनी पाहता येतं. किडीच्या अंगावरचा पांढरा भुसा म्हणजे मेण. त्यावर साध्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि भिंग धरा. थेंब मोत्यासारखा गोल राहतो, किडीला जेमतेम टिंबाएवढा टेकतो आणि पान हललं की घरंगळून मातीत जातो. औषध कितीही जालीम असलं तरी ते किडीला शिवलंच नाही. आता त्याच पाण्यात रिठा चोळून दुसरा थेंब सोडा. हा थेंब बसकण मारतो, त्याच्या कडा पसरतात, मेण ओलं होतं.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरणारं कुणी नसतं, म्हणून ते आत ओढले जातात आणि वर एक ताणलेली कातडी तयार होते. हा पृष्ठताण शुद्ध पाण्यात 72 मिलिन्यूटन प्रति मीटर एवढा असतो. रिठ्यातलं सॅपोनिन, साबण, फवारणीत मिसळायला दुकानात मिळणारं स्टिकर हे सगळे सर्फॅक्टंट. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं तेला-मेणाकडे. दोन्ही घरचा हा पाहुणा मधे येऊन बसला की ताण सैल पडतो. रिठा, शिकेकाई, हिंगणबेट यांच्यावर आपल्या आज्यांनी लुगडी आणि डोकी धुतली ती याच जोरावर.

झाडांना जमतं ते जिवाणूंनाही जमतं, आणि त्यांना त्याची गरज जास्त. मातीत स्यूडोमोनास नावाचे जिवाणू सगळीकडे असतात. विहिरीवरच्या इंजिनाखाली डिझेल सांडून काळी झालेली माती असते ना, तिथंही त्यांची वस्ती. तेल त्यांना खायचं असतं, पण ते राहतात पाण्याच्या पापुद्र्यात आणि तेल पाण्यात मिसळत नाही. मग ते स्वतःच साबण तयार करतात. या साबणाचं नाव रॅम्नोलिपिड. डोक्याला रॅम्नोज नावाची साखर, शेपटीला स्निग्धाम्ल. पाण्याचा ताण तो 72 वरून 30 च्या आसपास आणतो. (याच कुळातल्या जिवाणूत फेरफार करून आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेल खाणारा वाण तयार केला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1980 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पाच विरुद्ध चार मतांनी.)

हा साबण कारखान्यात करायचा तर जिवाणूंना डिझेल पाजायची गरज नाही. त्यांना ग्लिसरीनही चालतं, आणि ते बायोडिझेलवाल्यांकडे पडून असतं.

बायोडिझेल म्हटलं की विदर्भातला शेतकरी कडवट हसतो. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि मोगली एरंडाचं वारं सुटलं. रतनज्योत लावा, पडीक जमीन सोनं देईल, असं सांगत माणसं फिरली. आमच्याही धुऱ्यावर रांगच्या रांग लागली. झाडं जगली, बी घ्यायला कुणी आलं नाही. बी विषारी, ढेपही विषारी, म्हणजे बैलांपुढेही टाकता येत नाही. आज त्या झाडांचा उपयोग कुंपणापुरता. आता बायोडिझेलचा कच्चा माल म्हणून वापरून उरलेलं खाद्यतेल पुढे आलं आहे. हॉटेलांचं आणि फरसाणवाल्यांचं तळणीचं काळं तेल गोळा व्हावं म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली मोहीम सुरू केली. त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणानं 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं.

तेल करंजाचं असो, सरकीचं असो की वडे तळून उरलेलं, रसायन तेच. 100 किलो तेलात साधारण 10-11 किलो मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवायचं. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन स्निग्धाम्लं लोंबकळत असतात. मेथॅनॉल ती एकेक करून सोडवून नेतं. जवळपास 100 किलो बायोडिझेल वर तरंगतं आणि कणा, म्हणजे 10 किलोच्या आसपास ग्लिसरीन, तळाशी बसतं.

हे ग्लिसरीन औषधाच्या दुकानातलं नितळ ग्लिसरीन नव्हे. रंग काकवीचा, ओघळही काकवीसारखा जड, आणि वासात तळणीचा खवट दर्प. त्यात उरलेलं मेथॅनॉल असतं, साबण असतो, क्षार असतात. मेथॅनॉल विषारी, त्यामुळे ढोरांना तसंच पाजता येत नाही. ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचं तर लहान कारखान्याला ते परवडत नाही. शिवाय जगभर बायोडिझेल वाढलं तसा ग्लिसरीनचा भाव पडत गेला. 2006 साली डाऊ कंपनीनं टेक्सासमधला आपला कृत्रिम ग्लिसरीनचा कारखानाच बंद केला. तेव्हा मागच्या शेडमधले ड्रम भरत राहतात.

ही काकवी पातळ करायची, मेथॅनॉल उडवून द्यायचं, आम्ल घालून साबण फोडून वेगळा करायचा आणि मग जिवाणू सोडायचे. ते ग्लिसरीन आत घेतात आणि त्याच्या दोन वाटा करतात. एका वाटेनं साखर घडते, दुसऱ्या वाटेनं स्निग्धाम्ल. शेवटी दोन्ही जोडून रॅम्नोलिपिड बाहेर सोडतात. पण लगेच नाही. सुरुवातीला ते नुसते वाढतात. प्रत्येक जण एक संदेशाचा रेणू सोडत असतो. गर्दी वाढली की तो रेणू दाट होतो आणि जमाव पुरेसा झाल्याचं सगळ्यांना कळतं. त्याच सुमारास नायट्रोजन संपत आला असेल तर नवीन पेशी बांधता येत नाहीत, ग्लिसरीन मात्र शिल्लक असतं. मग साबणाचं काम जोरात सुरू होतं. एकट्यादुकट्यानं साबण केला तर तो पाण्यात वाहून जाणार, हे गणित त्यांना लाखो वर्षांपूर्वी जमलं.

आणि मग फेस! टाकीत हवा सोडावीच लागते, कारण जिवाणूंना ऑक्सिजन हवा. साबण, पाणी आणि बुडबुडे एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? फेस झाकणापर्यंत चढतो, नळ्यांमधून बाहेर येतो, सोबत जिवाणूंनाही घेऊन जातो. या क्षेत्रातल्या अभियंत्यांचं निम्मं डोकं फेस आवरण्यात जातं.

‘कचऱ्यातून सोनं’ छापाचे मथळे मला म्हणूनच पटत नाहीत. जैव-सर्फॅक्टंटच्या खर्चात कच्च्या मालाचा वाटा मोठा असला तरी सगळ्यात मोठा नसतो. त्याहून जास्त पैसा जातो तो पातळ रसातून काही ग्रॅम साबण वेगळा काढून शुद्ध करण्यात. ग्लिसरीन फुकट मिळालं तरी हा खर्च सुटत नाही. मोठ्या कंपन्या उतरल्या आहेत, नाही असं नाही. युनिलिव्हरनं 2019 मध्ये चिलीत रॅम्नोलिपिडवालं भांडी घासायचं द्रावण आणलं, एव्हॉनिकनं जानेवारी 2024 मध्ये स्लोव्हाकियात मोठा कारखाना सुरू केला. पण एव्हॉनिकचा कच्चा माल मक्यापासूनची साखर आहे. ती महाग असली तरी स्वच्छ असते आणि रोज सारखीच येते. ड्रममधल्या काकवीचा गुण मात्र प्रत्येक खेपेला वेगळा.

फवाऱ्याला मात्र नितळ माल लागतच नाही. रॅम्नोलिपिडचा पुरेपूर परिणाम लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर मिळू लागतो. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम. टाकीतल्या रसात लिटरला पाच ग्रॅम जरी उतरले, तरी 300 मिलिलिटर रस एका पंपाला पुरावा. हिशेब कागदावरचा आहे, वावरात पान, पाणी, औषध बदललं की तोही बदलेल. पण शुद्धीकरणाची पायरीच वगळता आली तर गणित पालटतं. त्यातून अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात साधा साबण फाटतो, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं त्याचा चोथा होतो. जिवाणूंचे साबण खाऱ्या पाण्यात बऱ्यापैकी तग धरतात आणि काम झाल्यावर मातीत लवकर कुजतात.

वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना एक गोष्ट जास्त जवळची वाटेल. बुंध्यातून डिंक ओघळून झाड वाळवणारा डिंक्या रोग फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. पावसाळ्यात त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत मातीतल्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि मुळं गाठतात. पोहणाऱ्या या बीजाणूंना भिंतच नसते, नुसती नाजूक त्वचा. रॅम्नोलिपिड ती फाडतं. अमेरिकेत 2004 पासून ते जैविक बुरशीनाशक म्हणून नोंदलेलं आहे. अर्थात एकदा मुळात शिरलेल्या फायटोप्थोराला भिंत असते आणि तिथं ही मात्रा चालत नाही. बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची राहिली तर रॅम्नोलिपिड ती उणीव भरून काढणार नाही.

हे वाचून कुणी शेण-गोमूत्राच्या जीवामृताच्या ड्रमात गूळ-बेसनाऐवजी ग्लिसरीन ओतायला निघेल, म्हणून सांगतो. रॅम्नोलिपिड सगळ्यात जास्त देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हाच दवाखान्यात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळवतो आणि बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाही. कारखान्यांत म्हणूनच त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, स्यूडोमोनास पुटिडा, घेऊन त्यात साबणाची जनुकं बसवतात. जिवंत रस बाहेर जाण्याआधी तापवून मारावा लागतो. साबणाला त्या उष्णतेनं फारसं काही होत नाही. हातापायावर ओरखडे घेऊन पाठीवर पंप टाकणाऱ्या माणसापर्यंत जो डबा पोचेल, त्यात साबण असावा, जिवाणू नव्हे.